दिल्लीवरची माणसं

गुहागरजवळच्या आमच्या घरात माजघराच्या भिंतीवर आप्पाकाकांच्या बोटीचा फोटो आहे. कृष्णधवल, काचेच्या आत दमट हवेने पिवळे डाग चढलेला. एक रुंद धुराडं, पुढे तोफांचे दोन टरेट, मागे एक, आणि कठड्याला टेकून उभी ठिपक्याएवढी माणसं. यंदा गणपतीत दुपारची पंगत उठून सगळे पंख्याखाली आडवे झाले होते, तेव्हा माझा भाचा निनाद फोन घेऊन त्या फोटोसमोर उभा राहिला. एकदा फोनकडे, एकदा भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आत्या, ही माझ्याकडे आहे." फोनवर एक मुलगी होती, ॲनिमेतल्या मुली असतात तशी, अंगावर तोफा वागवणारी. तिचं नाव अकिलीज. निनाद 'अझूर लेन' नावाचा जो खेळ खेळतो, त्यातल्या त्याच्या गोदीत ती कधीपासून पडून होती. त्या दुपारी झोप येईना म्हणून तिच्याबद्दल वाचता वाचता त्याला कळलं, की दुसऱ्या महायुद्धातली ही क्रूझर १९४८ मध्ये भारताने घेतली आणि ती 'दिल्ली' झाली. आप्पाकाका ज्या दिल्लीवर होते, ती हीच.

मग तो मोजायला लागला. त्याने शोधून काढलेल्या १९३९ च्या फोटोत बोटीला मागे दोन टरेट होते. आमच्या भिंतीवर एकच. "एक कुठे गेला?" कुणालाच माहीत नव्हतं. एवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. काय चाललंय म्हणून त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर-खाली करून पाहिला. निनादने समजावलं, की या खेळात प्रत्येक बोट म्हणजे एक मुलगी. काकूंनी मान हलवली. त्यांना ते अजिबात विचित्र वाटलं नाही. नदीला, आडाला, वेशीला बाईचं रूप असणाऱ्या गावात त्यांचा जन्म गेलाय. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मग हिच्यावरची माणसं कुठे राहतात?" निनाद म्हणाला, "माणसं नाहीत आजी. पिल्लं आहेत." आणि त्याने खेळातली ती पिवळी, गोलमटोल पिल्लं दाखवली. बोटीची सगळी कामं तीच करतात. काकूंनी बराच वेळ पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसायला आत गेल्या.

त्यांचं ते "बरं" काही केल्या माझ्या मनातून जाईना.

मुंबईला परतल्यावर मी या खेळांच्या मागे लागले. सगळ्याची सुरुवात जपानमध्ये २०१३ च्या एप्रिलमध्ये झाली, 'कांताई कलेक्शन' या ब्राउझरवरच्या खेळापासून. चाहते त्याला लाडाने 'कानकोरे' म्हणतात. शाही जपानी नौदलाची जहाजं मुलींच्या रूपात पुन्हा जन्माला आली आहेत आणि खेळणारा त्यांचा ॲडमिरल, म्हणजे 'तेइतोकु'. इंधन, दारूगोळा, पोलाद आणि बॉक्साइट या चार गोष्टी जमवायच्या, मुलींना मोहिमेवर पाठवायचं, जखमी होऊन आल्या की दुरुस्तीच्या हौदात घालायचं. खेळ सुरू करताना जो सर्व्हर मिळतो त्याला नाव असतं योकोसुका, कुरे, सासेबो, मायझुरू, नाहीतर त्रुक आणि राबाउल. हे सगळे त्या काळचे खरे नाविक तळ. चार वर्षांनी, २०१७ मध्ये, चीनमधल्या कंपन्यांनी 'अझूर लेन' काढला. तो थेट फोनवर आला, पुढच्या वर्षी इंग्रजीत आला आणि निनादसारख्या मुलांपर्यंत पोचला. तिथे खेळणारा 'कमांडर' असतो. देशांची नावं बदललेली आहेत. जपान म्हणजे साकुरा साम्राज्य, अमेरिका म्हणजे ईगल युनियन, जर्मनी म्हणजे आयर्न ब्लड. जहाजांची नावं मात्र खरी, आणि त्यांच्या जन्ममरणाच्या कहाण्याही बऱ्याचशा खऱ्याच.

कानकोरे भारतात खेळणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. पण पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची वाण नाही, आणि निनादची मैत्रीण सई त्यांतलीच. तिच्या खोलीत कॉटवर बसून मी तो खेळ पहिल्यांदा नीट पाहिला. पडद्यावर सहा मुलींचा ताफा, वरून विमानांचे थवे, आकड्यांची सरबत्ती, आणि मधेच त्यांतल्या एकीच्या नावापुढे लाल खूण आली. सई गप्प झाली. माउसवरचं तिचं बोट थांबलं. या अवस्थेला 'ताइहा' म्हणतात, म्हणजे बोट पार मोडकळीला आलेली. आता पुढे जायचं की माघार घ्यायची, असं खेळ विचारतो. पुढे गेलं तर ती बुडू शकते, आणि बुडाली तर कायमची जाते. किती महिने तिला वाढवलं, काय काय जोडलं, त्याला काही अर्थ उरत नाही. "अजून एकदाच गेलं तर मोहीम फत्ते झाली असती," सई म्हणाली आणि तिने माघारीचं बटण दाबलं. मोहीम हातची गेली. तिच्या चेहऱ्यावर रुखरुख नव्हती, सुटका होती. २०१५ मध्ये या खेळावर टीव्हीमालिका आली तेव्हा तिसऱ्याच भागात किसारागी नावाची विनाशिका वेक बेटापाशी बुडाली आणि चाहत्यांमध्ये हलकल्लोळ उडाला होता. खरी किसारागी तिथेच बुडाली, ११ डिसेंबर १९४१ ला. मालिका बघून लोक तिच्याबद्दल वाचायला गेले.

सईची लाडकी हिबिकी. अकात्सुकी, हिबिकी, इकाझुची, इनाझुमा या चार विनाशिकांच्या तुकडीतली युद्ध संपेपर्यंत तरंगत राहिलेली एकटीच. यामातो ही प्रचंड युद्धनौका शेवटच्या मोहिमेवर निघायच्या थोडंच आधी, मार्च १९४५ मध्ये, हिबिकीला सुरुंग लागला म्हणून ती मागे राहिली आणि वाचली. युद्धानंतर ती भरपाईत सोव्हिएत संघाला देण्यात आली. खेळात हिबिकीला पुरेसं वाढवून तिचं रूपांतर केलं, की नाव जपानी लिपीतून जातं आणि रशियन लिपीत येतं, 'व्हेर्नी'. बोलण्यात रशियन शब्द येतात. सईने मला ते रूपांतर मुद्दाम दाखवलं. तिला त्यात जे दिसतं ते मला कळलं. बहिणी गेल्या, देश गेला, नाव गेलं, आणि तरी ही अजून आहे. युकिकाझेचंही तसंच. ती तैवानला गेली, 'तान यांग' झाली, आणि खेळात तिचं ते रूपही आहे. खऱ्या युकिकाझेच्या सुकाणूचं चाक आणि नांगर जपानला परत आले. ते एताजिमाला ठेवलेत.

या खेळांची ही बाजू मला मनापासून आवडली. जहाजाच्या आयुष्यातला कोपरान्‌कोपरा शोधून त्यातून स्वभाव घडवायचा. कोंगो ही बॅटलक्रूझर इंग्लंडमधल्या बॅरोच्या गोदीत, व्हिकर्सकडे बांधली गेली, म्हणून कानकोरेतली कोंगो इंग्रजी मिसळून बोलते आणि तिला चहाचं वेड. तिचा आणि तिच्या तिघी बहिणींचा आवाज एकाच अभिनेत्रीचा आहे, नाओ तोयामाचा, आणि चौघींचे चार स्वभाव ऐकताना ते खरं वाटत नाही. बुडालेल्या जहाजांच्या तोंडी बुडाल्याच्या जागा येतात, कुणाला पाणबुड्यांची धास्ती, कुणाला रात्रीची. लिहिणाऱ्याने नौदलाच्या नोंदी वाचल्याशिवाय हे होत नाही. आणि वाचणारेही तितकेच कसोशीचे. टोकियोच्या कोमिकेट या चाहत्यांच्या जत्रेत कानकोरेवरच्या हौशी पुस्तिकांची टेबलं रांगेने लागत. त्यांत निव्वळ गोड चित्रं असत, तसे जहाजांच्या दारूगोळ्याच्या कोठारांचे नकाशेही असत. कुरेच्या यामातो संग्रहालयात त्या जहाजाची एक दशांश मापाची, सव्वीस मीटरहून लांब प्रतिकृती आहे. ते २००५ मध्ये उघडलं, तेव्हा या खेळांचा मागमूस नव्हता. तिथेच नागासाको भागात नौदलाची जुनी दफनभूमी आहे, बुडालेल्या जहाजांच्या नावांचे दगड ओळीने उभे असलेली. विशीतली मुलं आता तिथे जातात, आपल्या लाडक्या जहाजाच्या दगडापुढे हात जोडतात. त्या दगडांवर ज्यांचे आजोबा-पणजोबा आहेत, त्यांनी हे पाहून काय म्हणायचं? मला वाटतं, येऊ दे त्यांना. कशाच्या का निमित्ताने होईना, दगडापुढे कुणी उभं राहतंय.

पण सगळंच असं हात जोडण्याजोगं नाही, आणि ते बोलायला हवं. कानकोरेत जहाजाला मार बसला की मुलीचे कपडे फाटतात. अझूर लेनमध्ये नवे पोशाख विकत घ्यायला लावतात आणि ते पोशाख फारसे पोशाख नसतात. विनाशिका आकाराने लहान, म्हणून त्या लहान मुली काढायच्या असा संकेत पडलाय, आणि त्या लहान मुलींची चाहत्यांमधले काही जण जी चित्रं काढतात ती मला पाहवली नाहीत. निनादला मी हे सरळ विचारलं. तो लाजला नाही की चिडला नाही. म्हणाला, "ते मलाही नको वाटतं आत्या. मी ते बंद करून ठेवतो." बंद करून ठेवता येतं हे खरं. तरी ज्या मुलीला आपण सेनापती म्हणून ओरडायचं, जपायचं, अंगठी घालायची (अंगठी घालायचीही सोय आहे), तिला तिच्या पोलादाचा मान तरी मिळायला हवा. चाळीस हजार टनांची बोट घेऊन तिला असं कमी कपड्यांत उभं करणाऱ्याने त्या बोटीचं काहीच वाचलेलं नसतं असंही नाही. वाचलेलं असतं, आणि तरी. तिथे माझं आणि या खेळांचं जमत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. कानकोरेत र्‍युजो नावाची छोटी विमानवाहू नौका आहे. बुटकी, तोंडाळ, ओसाकाकडच्या बोलीत फटकळ बोलणारी. हातातली गुंडाळी उलगडते आणि त्यातून कागदी बाहुल्या उडून विमानं होतात. फार गोड केलंय तिला. ६ एप्रिल १९४२ ला हिच्याच विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडावर बाँब टाकले. त्याच आठवड्यात आकागी आणि तिच्या सोबतच्या नौकांच्या विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमाली भाजून काढली, हर्मिस ही ब्रिटिश विमानवाहू नौका बुडवली, आणि मद्रासमधून लोक चंबूगबाळं उचलून आत पळाले. मी सईला हे सांगितलं, तेव्हा तिला ते माहीत होतं. "म्हणूनच मला ती आवडते असं नाही," ती म्हणाली, "पण माहीत असूनही आवडते." मला या उत्तराने निरुत्तर केलं. आणि मग मी चीनचा विचार केला. १९३७ च्या सप्टेंबरात यांगत्सेवर च्यांगयिनपाशी निंग हाय आणि पिंग हाय या चिनी क्रूझर जपानी विमानांनी बुडवल्या. त्या विमानांत कागा या विमानवाहू नौकेवरची विमानं होती. निंग हाय तर जपानच्याच गोदीत बांधलेली. आज चिनी कंपनीच्या खेळात पिंग हाय खाण्यावर जीव असलेली मुलगी आहे, आणि कागा कोल्ह्याचे कान आणि शेपट्या असलेली देखणी, थंड बाई. दोघी एकाच वसतिगृहात एकाच सोफ्यावर बसलेल्या असू शकतात. हे बनवणाऱ्या मुलांच्या पणज्यांनी काय पाहिलं असेल? तरी त्यांनी कागाला राक्षसीण केलं नाही. हा विसर म्हणायचा की मोठं मन, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि रोज थोडं थोडं बदलतं.

निनादच्या खेळातल्या वसतिगृहात मी ग्राफ श्पे ही जर्मन युद्धनौका आणि अकिलीज यांना एकत्र पाहिलं. जेवणाची थाळी भरून ठेवली होती, बुटक्या झालेल्या सगळ्या मुली खोलीत फिरत होत्या. ग्राफ श्पे गप्प गप्प, हातांना लोखंडी पंजे. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अटलांटिकमध्ये, रिओ दे ला प्लाताच्या मुखापाशी, अजॅक्स, एक्झिटर आणि अकिलीज या तिघींनी मिळून तिला गाठलं होतं. ती माँतेविदेओच्या बंदरात शिरली, आणि चार दिवसांनी तिच्या कप्तानाने माणसं उतरवून तिला स्वतःच उडवून दिली. तीन दिवसांनी त्या कप्तानाने, हान्स लांग्सडोर्फने, ब्युनोस आयरेसमध्ये स्वतःला गोळी घातली. एक्झिटरवर त्या दिवशी एकसष्ट माणसं गेली, अकिलीजवर चार. एक्झिटर १९४२ मध्ये जावाच्या समुद्रात बुडाली, आणि २०१६ मध्ये पाणबुडे पाहायला गेले तर तळाशी तिचं काहीच उरलं नव्हतं. भंगारवाल्यांनी सगळं पोलाद चोरून नेलं होतं. खेळातल्या वसतिगृहात या चौघी पलंगांवर झोपलेल्या.

आणि पलंगाशी पिवळी पिल्लं.

२०२३ च्या सप्टेंबरात 'नॉटिलस' या संशोधन-जहाजाने मिडवेच्या समुद्रात पाच हजार मीटरहून खोल बुडून पडलेल्या आकागी आणि कागा पाहिल्या आणि ते थेट दाखवलं. निनादने मला त्याचं चित्रीकरण दाखवलं. काळोख, तरंगणारे कण, आणि दिव्याच्या झोतात हळूहळू वर येणारी पोलादाची एक भिंत. निनाद आकागीच्या गोष्टी सांगत होता, कानकोरेत ती कशी खादाड आहे, अझूर लेनमध्ये कशी मत्सरी आहे. मग पोलादाची चिरफाड झालेली जागा आली आणि तो थांबला. कागावर ४ जून १९४२ ला आठशेच्या वर माणसं मेली. त्यांतली बरीचशी विमानांच्या हँगरमध्ये आणि खाली इंजिनांकडे, जिथून वर यायला वाट उरली नाही. ज्या बाईला कोल्ह्याचे कान आहेत तिच्या पोटात ती माणसं आहेत. खेळाने त्यांना कुठे ठेवलं? मला वाटतं, आवाजात ठेवलं. आकागी जेव्हा आपल्या पहिल्या विमानवाहू तुकडीच्या अभिमानाबद्दल, भुकेबद्दल बोलते, तेव्हा ती हजार माणसांच्या वतीने बोलत असते. पण हजार जणांना एक चेहरा देताना तो चेहरा सुंदर मुलीचाच दिला, आणि खाली मरणाऱ्यांच्या जागी हसरी पिल्लं आली. काकूंनी नेमकं तेच विचारलं होतं.

कारण आप्पाकाका खालचे होते. स्टोकर. रत्नागिरी जिल्ह्यातली किती मुलं तेव्हा नौदलात गेली. आप्पा अठराव्या वर्षी भरती झाले आणि दिल्लीवर बॉयलर रूममध्ये लागले. ते सांगायचे ते सगळं उष्म्याचं आणि वासाचं. फर्नेस ऑइलचा वास अंगाच्या साबणालाही चिकटायचा, सुट्टीवर आले की काकू त्यांचे कपडे वेगळ्या दोरीवर वाळत घालायच्या. शिडीचे दांडे उघड्या हाताने धरवायचे नाहीत म्हणून खिशात कायम कापूस-चिंध्यांचा बोळा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी दिल्ली दीवसमोर उभी राहिली आणि तिने किनाऱ्याच्या दिशेने तोफा डागल्या. आम्ही मुलं विचारायचो, काका, लढाई कशी दिसली? ते म्हणायचे, "आम्हांला दीव दिसलंच नाही." वर तोफ सुटली की खाली पाइपांवरच्या वेष्टणाची भुकटी भुरभुर खांद्यावर पडायची, गेजचा काटा थरथरायचा, आणि त्या थरथरीवर नजर ठेवून बर्नर सांभाळायचे. एवढीच त्यांची लढाई. गोवा मुक्त झाल्याचं त्यांना वर चहा न्यायला आलेल्या पोराकडून कळलं.

टरेटचं कोडंही त्याच शोधात सुटलं. ५ जानेवारी १९४३ ला ग्वादलकनालजवळ जपानी विमानाचा बाँब अकिलीजच्या मागच्या टरेटवर पडला. इंग्लंडमध्ये दुरुस्तीला नेली तेव्हा तो टरेट काढूनच टाकला आणि तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. म्हणजे आमच्या माजघरातला फोटो त्या बाँबसकट आहे. आप्पा ज्या डेकवर फिरले, तिथे त्यांच्या आधी तेरा न्यूझीलंडची-ब्रिटनची पोरं मेली होती, आणि त्यांना ते ठाऊक असावं, कारण एकदा ते काकूंना म्हणाले होते की मागच्या बाजूला आम्ही रात्रीचं गाणंबिणं म्हणत नसू. काकूंना कारण माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्या उठून फोटोची काच पुसून आल्या.

या बोटीचं आयुष्य असं. १९३२ मध्ये बर्कनहेडच्या गोदीत पाण्यात उतरली, पुढे न्यूझीलंडच्या नौदलाची झाली, प्लातावर लढली, सॉलोमन बेटांत मार खाल्ला, १९४५ मध्ये ब्रिटिश पॅसिफिक ताफ्यात होती. १९४८ पासून भारताची; नव्या नौदलाची पहिली मोठी बोट. नेहरू १९५० मध्ये हिच्यावरूनच इंडोनेशियाला गेले. १९५६ मध्ये प्लाताच्या लढाईवर इंग्रजी सिनेमा निघाला तेव्हा अकिलीजचं काम दिल्लीनेच केलं. १९७८ च्या जूनमध्ये मुंबईत तिच्यावरचा ध्वज उतरला आणि ती मुंबईतच मोडली. तिचा एक टरेट न्यूझीलंडला भेट दिला. तो आज ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नाविक तळाच्या दारात उभा आहे. बाकीचं पोलाद कुणाच्या कारखान्यात, कुणाच्या सळयांत गेलं ते सांगता येणार नाही.

खेळातली अकिलीज मात्र रॉयल नेव्हीचीच. दिल्लीचा पत्ता नाही. परकी बोट दुसऱ्या नावाने घेणं या खेळांच्या तत्त्वात बसत नसतं, तर गोष्ट वेगळी. हिबिकी रशियन झालेली आहे, युकिकाझे तैवानची झालेली आहे, आणि अझूर लेनमध्ये चीनच्या गटात अनशान, फुशुन, चांगचुन, ताययुआन या चार विनाशिका आहेत. त्या जन्माने सोव्हिएत, १९५४-५५ मध्ये चीनने घेतल्या, आणि खेळात चिनी नावांनीच उभ्या आहेत. ज्या देशाची मुलं खेळ बनवतात, त्या देशाला आपल्या सेकंडहँड बोटीही जन्मजात वाटतात, आणि त्यात काही गैर नाही. आम्हांलाही दिल्ली तशीच आपली वाटत होती. भारताच्या नावाचा गटच तिथे नाही. निनादसारखी किती तरी पोरं इकडे रोज दोन-दोन तास तो खेळ खेळतात, पैसे घालतात, त्यावर चित्रं काढतात. मुंबईतल्या चाहत्यांच्या मेळाव्यात मी एक मुलगी पाहिली, फोमच्या चादरी कापून, रंगवून, पाठीवर दोन-दोन टरेट बांधून आलेली, दारातून आडवी होऊन आत शिरणारी. तिच्या टरेटच्या नळ्या पीव्हीसी पाइपच्या होत्या आणि प्रत्येक नळीच्या तोंडाला आतून काळा रंग दिलेला. इतक्या मायेने जे लोक एखादी गोष्ट करतात, त्यांच्या समुद्राला त्या नकाशावर जागा असायला हवी असं मला फार वाटतं.

कंपनी देईल तेव्हा देईल. चाहत्यांची रीत अशी, की नसेल ते आपण काढायचं. निनादने दिवाळीत वही उघडली आणि दिल्ली काढायला घेतली. पहिल्या चित्रात त्याने तिला साडी नेसवली. काकूंनी एका वाक्यात खोडून टाकलं, "बोटीवर साडी कशाला? बॉयलर सूट दे." मग निळा बॉयलर सूट आला, बाह्या दुमडलेल्या, खिशातून चिंध्यांचा बोळा डोकावणारा. अंग झाकलेलं, आणि मी तोपर्यंत या खेळात पाहिलेल्या कुठल्याही मुलीपेक्षा देखणी. पाठीवर पुढचे दोन टरेट, मागे एक. बाँब पडला त्या जागी विमानविरोधी तोफा. पिल्लं त्याने काढलीच नाहीत. त्याऐवजी तिच्या तोफांच्या आडून, शिड्यांवरून माणसं डोकावतात, नखाएवढी. बोटीवर पाचशेच्या वर माणसं असायची, सगळी कशी काढू असं त्याने विचारलं. काकू म्हणाल्या, "खालनं सुरू कर," आणि त्यांना आठवली ती नावं सांगायला लागल्या. कोण केरळचा, कोण लुधियान्याचा, कोण मालवणचा. आप्पांनी पत्रांत लिहिलेली नावं, साठ वर्षांपूर्वीची.

आता वाद आवाजावर अडलाय. कोंगोच्या तोंडी इंग्रजी आहे ते बॅरोमुळे, तर दिल्लीच्या तोंडी काय काय हवं? सई म्हणते बर्कनहेडची इंग्रजी, मधेच माओरी शब्द, वर खलाशांची हिंदी. काकू म्हणतात मल्याळी शिव्या हव्यातच, आप्पा त्याच शिकून आले होते. चित्राखालचा मजकूर सई जपानीत लिहिणार आहे, म्हणजे तिकडचे लोक वाचतील. त्यात आधी 'अकिलीज' लिहायचं की 'दिल्ली', यावरून तिचं आणि निनादचं जमत नाही. त्याला वाटतं लोकांना ओळखीचं नाव आधी दिसावं. मी दिल्लीच्या बाजूची आहे. त्या नावाने ती तीस वर्षं चालली, पहिल्या नावाच्या जवळजवळ दुप्पट.